बटाट्याची बांगडी

पुणे जिल्ह्यातल्या सातगाव पठारावर खरिपाच्या बटाट्याला पावसाने उघडीप दिली, की एखाद्या शेतात हिरवंगार झाड भर दुपारी अचानक मान टाकतं. सुरुवातीला संध्याकाळी सावरतं, मग उठतच नाही. पिवळं पडायलाही त्याला सवड मिळत नाही आणि ओळखायची खूण हीच. बुरशीमुळे येणारी मर सावकाश असते, खालची पानं पिवळी करत वर चढते. हा मात्र राल्स्टोनिया नावाच्या जिवाणूचा घाला.

खात्री बांधावरच करता येते. तिथल्या एका ताईंनी बुंध्याजवळून खोडाचा तुकडा कापला आणि त्याचं टोक ग्लासातल्या नितळ पाण्यात स्थिर धरलं. थोड्याच वेळात कापातून दुधाळ धागा सुटला आणि सरळ तळाकडे उतरू लागला. मग झाडाखालचा बटाटा आडवा चिरला. सालीच्या आत तपकिरी कडं, दाबलं की पांढरट थेंब. "ही बघा बांगडी," त्या म्हणाल्या. अशा बटाट्याच्या डोळ्यांतूनही चिकट स्राव येतो, म्हणून तिथे माती धरून राहते.

यावर मारायचं काय? काहीच नाही. मलूल झालेलं झाड कुठल्याही फवारणीने उठत नाही, तरी त्यावर पैसा ओतला जातो, याची फार हळहळ वाटते. झाड कंद आणि भोवतालच्या मातीसकट उपटून शेताबाहेर न्यावं. त्या सरीचं पाणी पुढे जाऊ देऊ नये.

खरी लढाई लागवडीआधीची. बेणं शक्यतो अख्खंच लावावं, कारण एक रोगट बटाटा कापलेली सुरी पुढच्या कितीतरी फोडींना रोग देते. कापायचंच तर सुरी वरचेवर निर्जंतुक करावी. रोग येऊन गेलेल्या रानात लागवडीवेळी खताबरोबर हेक्टरी 12 किलो ब्लीचिंग पावडर सरीत द्यावी. भर लवकर लावावी, पुढे मुळं दुखावू नयेत. फेरपालटाला मका, ज्वारी, बाजरी चालते. टोमॅटो, वांगी, मिरची नको, ती याच जिवाणूची घरं.

अरणीतली, म्हणजे बटाटा साठवायच्या ढिगातली, सड वेगळी. तिथे पेक्टोबॅक्टेरियम जखमेतून शिरतो. साल शाबूत, आत लगदा आणि नाक धरायला लावणारा वास. ओला, खरचटलेला माल अरणीत गेला की ती हटकून येते, म्हणून आधी सावलीत सुकवून निवड करावी.

बांगडीच्या रानातला बटाटा मात्र कितीही निरोगी दिसला तरी बेण्याला ठेवू नये. थंडीत जिवाणू लक्षण न दाखवता कंदात राहतो आणि पुढच्या उबदार, ओल्या हंगामात शेतात उतरतो.