विश्लेषण : अमेरिकेतल्या मध्यम शहरांच्या ऐन मधोमध एवढ्या रिकाम्या जागा का? आणि त्या भरणं इतकं अवघड का?

अमेरिकेतल्या एखाद्या मध्यम शहराचा उपग्रहावरून काढलेला फोटो पाहिला, तर एक गोष्ट चटकन खटकते. आपल्याकडे शहराचा जुना गाभा म्हणजे सगळ्यात दाट भाग. पेठा, बाजार, गल्ल्या, मुंगीला शिरायला जागा नाही अशी वस्ती. तिथे मात्र शहराच्या ऐन मध्यावर करडे, सपाट चौकोन दिसतात. मधूनच एखादी वीस मजली इमारत आणि तिच्या शेजारी पुन्हा सपाट चौकोन. ही मैदानं नाहीत, बागाही नाहीत. गाड्या लावायच्या जागा आहेत, आणि संध्याकाळी ऑफिसं सुटली की त्यातल्या बऱ्याच ओस पडतात.

या मध्यभागाला तिकडे डाउनटाउन म्हणतात. तिथल्या रिकाम्या प्लॉटवर पुन्हा घरं, दुकानं बांधण्याला 'इन्फिल' असा शब्द आहे. शहराच्या कडेला शेतजमीन बिगरशेती करून नव्या कॉलन्या वसवण्याऐवजी, जिथे रस्ता, पाणी, गटार आधीच आहे तिथे बांधायचं, एवढाच त्याचा अर्थ. न्यूयॉर्क किंवा सॅन फ्रान्सिस्कोत जागाच मिळत नाही ही तक्रार असते. रॉचेस्टर, बफेलो, साउथ बेंड अशा शहरांचं दुखणं उलटं आहे. जागा भरपूर आहे, पण तिच्यावर काही उभं राहत नाही.

एवढी जागा रिकामी झालीच कशी?

न्यूयॉर्क राज्यातलं रॉचेस्टर घेऊ. हे कोडॅक कंपनीचं गाव. १९५० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ३,३२,४८८ होती, २०२० मध्ये ती २,११,३२८ भरली. मध्यमवर्ग उपनगरांत गेला आणि कोडॅकचाही ऱ्हास झाला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला इथे ६० हजारांच्या आसपास लोकांना नोकरी देणाऱ्या या कंपनीने २०१२ मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज केला.

पण माणसं गेली म्हणून इमारती आपोआप नाहीशा होत नाहीत. त्या पाडाव्या लागतात. आणि इथे त्या सरकारी पैशाने पाडल्या गेल्या, कोडॅक जोरात असतानाच.

१९४९ च्या गृहनिर्माण कायद्याने 'जुनाट' ठरवलेल्या वस्त्या पाडून जमीन मोकळी करायला केंद्र सरकार निव्वळ खर्चाच्या दोन तृतीयांश रक्कम देऊ लागलं. १९५६ च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांचा ९० टक्के खर्च उचलला. शंभर रुपयांच्या कामातले नव्वद रुपये वरून येणार म्हटल्यावर कोणती नगरपालिका नको म्हणेल? वस्ती 'जुनाट' आहे की नाही हे ठरवताना तिथे कोण राहतं याकडेही पाहिलं जाई. रॉचेस्टरमध्ये क्लॅरिसा स्ट्रीट हा कृष्णवर्णीयांची घरं, दुकानं आणि जॅझ क्लब असलेला गजबजलेला रस्ता होता. त्याचा बराचसा भाग या कार्यक्रमात गेला.

त्याच काळात डाउनटाउनभोवती 'इनर लूप' नावाचा वर्तुळाकार महामार्ग बांधला गेला. १९६५ मध्ये तो पूर्ण झाला. बऱ्याच भागात तो जमिनीच्या पातळीखाली, दोन्ही बाजूंना भिंती असलेल्या खोल चरातून जात होता. उपनगरातून गाडी भरधाव थेट ऑफिसपर्यंत यावी हा उद्देश. किल्ल्याभोवती खंदक असतो तसा हा रस्ता शहराच्या गाभ्याभोवती पडला, आणि पलीकडच्या वस्त्या चालत येण्याच्या अंतरावर असून तुटल्या.

१९६२ मध्ये डाउनटाउनमध्ये 'मिडटाउन प्लाझा' हा बंदिस्त मॉल उघडला. वास्तुरचनाकार होते व्हिक्टर ग्रुएन, म्हणजे अमेरिकी मॉलचे जनकच. उपनगर गिऱ्हाईक पळवतंय ना, मग आपणही उपनगरासारखं व्हायचं, असा हा विचार होता. तो काही वर्षं चाललाही. पण मॉलच हवा असेल तर घराजवळच्या मॉलला जाणं सोपं. २००८ मध्ये मिडटाउन प्लाझा बंद पडला आणि पुढे पाडला गेला.

मग लोकांनी तिथे पुन्हा बांधलं का नाही?

कारण बांधायला नियम आडवे येत होते. त्यातला सगळ्यात नुकसान करणारा नियम पार्किंगचा.

बहुतेक अमेरिकी शहरांच्या बांधकाम नियमांत इमारतीच्या वापरानुसार किमान किती गाड्यांची सोय हवी याचे तक्ते असत. रेस्टॉरंटसाठी दर हजार चौरस फुटांना दहा जागा, हा त्यातला नेहमी सापडणारा आकडा. एक गाडी उभी करायला, आत-बाहेर करायच्या वाटेसह, साधारण ३०० ते ३५० चौरस फूट लागतात, म्हणजे एखाद्या वन-आरके एवढी जागा. हिशेब करा. हजार फुटांच्या हॉटेलला तीन हजार फुटांचं पार्किंग. जुन्या बाजारपेठेत भिंतीला भिंत लागून असलेल्या दुकानांना हे शक्यच नाही. त्यामुळे जुनी इमारत दुरुस्त करून तिचा वापर बदलायचा म्हटलं, की शेजारची इमारत विकत घेऊन पाडणं हा 'नियमात बसणारा' मार्ग ठरे.

हे आकडे आले कुठून, याचा छडा कॅलिफोर्नियातले प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी लावला. त्यांचं २००५ चं जाडजूड पुस्तक या एकाच विषयावर आहे. त्यांचा निष्कर्ष असा, की या तक्त्यांना शास्त्रीय पाया जवळपास नाहीच. एका शहराने दुसऱ्याचे आकडे उचलले, दुसऱ्याने तिसऱ्याचे.

दुसरी अडचण कराची. मालमत्ता कर जमीन आणि इमारत दोन्हींच्या किमतीवर असतो. इमारत पाडली की कर घटतो, नवीन बांधली की वाढतो. त्यामुळे प्लॉटवर डांबर ओतून, तासाच्या भाड्याने गाड्या लावू देऊन, किंमत वाढायची वाट पाहत बसणं हा मालकासाठी बिनडोकेदुखीचा धंदा होतो. पेनसिल्वेनियातल्या हॅरिसबर्गमध्ये यावर उपाय म्हणून जमिनीला चढा आणि इमारतीला कमी दराने कर लावतात. पण असं करणारी शहरं मोजकीच.

यात शहराचं नुकसान किती?

नॉर्थ कॅरोलायनातल्या अॅशव्हिलमध्ये जो मिनिकोझी या नियोजनकाराने एक साधा हिशेब मांडला आणि तो देशभर गाजला. त्यांनी दोन मालमत्तांची तुलना एकरी केली, जशी आपण पिकाची करतो. कडेला ३४ एकरांवर पसरलेलं वॉलमार्ट एकरी सुमारे ६,५०० डॉलर मालमत्ता कर देत होतं. डाउनटाउनमधली एक जुनी इमारत, म्हणजे खाली दुकानं आणि वर घरं, एकरी सुमारे ६ लाख ३४ हजार डॉलर देत होती. ही इमारत उभी होती जेमतेम ०.२ एकरावर, आपल्या भाषेत आठ गुंठ्यांवर.

ढोबळ गुणाकार केला तर वॉलमार्टने १७० पट जमीन व्यापली होती, आणि त्याचा एकूण कर होता पावणेदोन पटीच्या आसपास. रस्ते, जलवाहिन्या, गटारं मात्र जमिनीच्या पसाऱ्याप्रमाणे वाढतात. लोकसंख्या घटलेल्या शहराला जुनी पाइपलाइन तेवढीच सांभाळावी लागते, पण तिचं बिल भरणारी घरं कमी झालेली असतात. म्हणून इन्फिल ही सुशोभीकरणाची हौस नाही. शहराचा जमाखर्च जुळणार की नाही, शाळा आणि अग्निशमन केंद्रं चालू राहणार की नाही, हे त्यावर ठरतं.

शहरांनी काय केलं?

बफेलोने २०१७ मध्ये किमान पार्किंगची अट संपूर्ण शहरातून काढून टाकली. पार्किंगवर बंदी नाही घातली, फक्त किती करायचं ते बांधणाऱ्यावर सोडलं. पुढे झालेल्या अभ्यासात दिसलं, की मोठ्या प्रकल्पांपैकी जवळपास निम्म्यांनी जुन्या नियमापेक्षा कमी पार्किंग ठेवलं. खाली दुकान-वर घर अशा प्रकल्पांत ही घट विशेष होती. शहराने यासाठी खर्च काहीच केला नाही.

रॉचेस्टरने तर शब्दशः भराव टाकला. इनर लूपच्या पूर्व भागावर वाहनं इतकी कमी झाली होती, की त्याचे पूल आणि भिंती दुरुस्त करत राहण्यापेक्षा तो बुजवणं शहाणपणाचं ठरलं. २०१४ ते २०१७ दरम्यान चर भरून त्यावर साधा रस्ता, पदपथ आणि सायकलमार्ग केला. खर्च सुमारे २ कोटी २० लाख डॉलर, त्यातला मोठा वाटा केंद्राचा. म्हणजे खणायलाही वॉशिंग्टनचे पैसे आणि बुजवायलाही. यातून सुमारे सहा एकर जमीन मोकळी झाली. तिथे अपार्टमेंट आली, त्यात परवडणारी घरंही आहेत. शहरातल्या खेळांच्या राष्ट्रीय संग्रहालयाचा विस्तारही इथेच झाला. त्याच्या जोडीला बहुमजली पार्किंगही आलं. जुनी सवय लगेच सुटत नाही.

नियम बदलले, मग बिल्डर रांग का लावत नाहीत?

इथे मराठी वाचकाची गफलत होऊ शकते. पुनर्विकास म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मुंबई येते. वाढीव एफएसआय मिळतो, जुन्या रहिवाशांना नवी घरं फुकट देऊनही बिल्डर नफ्यात राहतो, कारण वरचे फ्लॅट सोन्याच्या भावाने विकले जातात. रॉचेस्टर किंवा साउथ बेंडमध्ये हे गणित उलटं फिरतं.

समजा, घर बांधायला ३ लाख डॉलर लागतात. लाकूड, सिमेंट, मजुरी यांचे दर शहर गरीब आहे म्हणून फारसे उतरत नाहीत. पण त्या गल्लीत घरं जातात २ लाख ३० हजारांना. बँक बाजारभाव पाहून कर्ज देते, बांधणीचा खर्च पाहून नाही. मधले ७० हजार कोण घालणार? हीच खरी खिंड आहे, आणि बहुतेक प्रकल्प इथेच अडतात.

ती भरून काढायला अनुदानं, करसवलती आणि हजार खटपटी लागतात. त्यातली सगळ्यात उपयोगी पडलेली एक म्हणजे ऐतिहासिक इमारतींसाठीची केंद्रीय करसवलत. भाडं किंवा धंदा देणारी नोंदणीकृत जुनी इमारत जतन करून दुरुस्त केली, तर पात्र खर्चाच्या २० टक्के रक्कम करातून वजा होते. पण त्यासाठी इमारत शिल्लक असावी लागते. १९६० च्या दशकात ज्या शहरांना पाडापाडीचा उरक नव्हता, ती आज फायद्यात आहेत.

इंडियाना राज्यातल्या साउथ बेंडने वेगळी वाट धरली. स्टुडबेकर मोटारींचा इथला कारखाना १९६३ मध्ये बंद झाला. पुढची पन्नास वर्षं घरं ओस पडत गेली. २०१३ मध्ये शहराने हजार दिवसांत हजार पडीक घरांचा निकाल लावायचा कार्यक्रम हाती घेतला. काही दुरुस्त झाली, पण पाडलेली जास्त. मग त्या रिकाम्या प्लॉटचं काय? शहराने छोट्या घरांचे, दोन ते सहा कुटुंबांच्या इमारतींचे आराखडे आधीच मंजूर करून ठेवले आणि ते लोकांना फुकट दिले. आर्किटेक्टचा खर्च वाचतो, परवानगीतले महिने वाचतात. गटाराची नवी जोडणी हा वरवर किरकोळ खर्चही छोट्या बांधणाऱ्याला आडवा करतो, म्हणून शहर त्यातही हातभार लावतं. मोठ्या टॉवरच्या पायाभरणीला येतात तसे यासाठी कॅमेरे येत नाहीत, पण माझ्या मते मध्यम शहरांसाठी हीच वाट जास्त खरी आहे.

हे सगळं कुणासाठी?

साउथ कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिलचं उदाहरण डाउनटाउनच्या यशासाठी नेहमी दिलं जातं. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिथला मुख्य रस्ता चार पदरांवरून दोन पदरी करून झाडं लावली. रीडी नदीच्या धबधब्यावरचा मोटारींचा पूल पाडून २००४ मध्ये त्याजागी पादचारी पूल आणि बाग केली. डाउनटाउन फुललं. मात्र आजूबाजूच्या जुन्या वस्त्यांत घरांचे भाव चढले आणि शहरातलं कृष्णवर्णीयांचं प्रमाण दशकामागून दशक घटत गेलं.

रॉचेस्टरमध्ये आता हाच मुद्दा पुढे आहे. इनर लूपचा उत्तर भागही बुजवायचा आहे आणि राज्य सरकारने त्यासाठी १० कोटी डॉलर जाहीर केले आहेत. पूर्वेकडे बुजवलेल्या भागालगत तुलनेने सुस्थितीतल्या वस्त्या होत्या. उत्तरेला गरीब, बहुतांश कृष्णवर्णीय आणि लॅटिनो वस्ती आहे, जिची घरं हा रस्ता करताना गेली. इथे मोकळी होणारी जमीन एकगठ्ठा मोठ्या बिल्डरकडे जाऊ नये, छोटे प्लॉट पाडून घरं बांधावीत आणि ती आधी इथल्या भाडेकरूंना मालकीने घेता यावीत, असा इथल्या रहिवाशांचा आग्रह आहे.