शंखप्रक्षालन: पाण्यात मीठ कशाला?
परवा एक रील बघून बाबा म्हणाले, "रविवारी मीपण शंखप्रक्षालन करतो." बाबांना बीपी आहे, म्हणून हा एपिसोड.

याचं मूळ घेरंडसंहितेतल्या वारिसार धौतीत. कोमट मिठाचं पाणी दोन-दोन ग्लास प्यायचं, मध्ये ताडासन, कटिचक्रासन वगैरे करायचं. शौचाला स्वच्छ पाणी येईपर्यंत. नंतर तूप घातलेली मऊ खिचडी.

मीठ का? साधं पाणी आतडी पटकन शोषतात. रक्ताइतकं खारट, म्हणजे लिटरला साधारण ९ ग्रॅम मीठ असेल, तर बरंचसं पुढे सरकतं.

पण थोडं मीठ अंगात जातंच. म्हणून बीपी, हृदयविकार, किडनीचा त्रास, अल्सर किंवा गरोदरपण असेल तर नकोच. बाकीच्यांनीही जाणत्या शिक्षकासमोरच करायचं.

बाबांनी शेवटी फक्त खिचडी खाल्ली!