तंबोरा का तडकतो?

मे महिन्याची सुट्टी संपवून आम्ही शाळेत आलो आणि तंबोरा गवसणीतून बाहेर काढला, तर तबलीवर वीतभर लांबीची उभी चीर! सुट्टीत कोणी त्याला हातही लावला नव्हता. मग हे केले कोणी? हवेने!

तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडे पिकतो. मिरजेचे कारागीर त्याला लाकडी तबली आणि दांडी जोडतात. झाड तोडले तरी लाकडाची हवेशी चाललेली पाण्याची देवघेव थांबत नाही. दमट हवेत त्याच्या पेशींच्या भित्तिका बाष्प शोषून फुगतात, कोरड्या हवेत आकसतात. सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असेल तर लाकडात कोरड्या वजनाच्या सुमारे १६ टक्के पाणी मुरते; ३० टक्के असेल तर सुमारे ६ टक्केच. गंमत अशी, की लाकूड तंतूंना आडव्या दिशेने आकसते, लांबीत जवळजवळ नाहीच. तबली रुंदीत आकसू पाहते, पण तिच्या कडा पक्क्या चिकटवलेल्या असतात. ही ओढ असह्य झाली की ती दोन तंतूंमध्ये, म्हणजे उभी, चिरते.

उन्हाळ्यातच असे का व्हावे? २० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे १७ ग्रॅम बाष्प मावते, ४० अंशांना सुमारे ५१ ग्रॅम. म्हणजे पहाटेची बाष्पाने भरलेली हवा दुपारी ४० अंशांपर्यंत तापली, तर बाष्प तेवढेच राहूनही सापेक्ष आर्द्रता १०० वरून सुमारे ३३ टक्क्यांवर येते!

पावसाळ्यात उलटे घडते. तबली फुगून किंचित वर उचलली जाते, तिच्यावरची घोडीही. तारांचा ताण बदलतो, जवारी बिघडते, खुंट्या घट्ट बसतात.

उपाय साधे आहेत. ४५ ते ५५ टक्के आर्द्रता वाद्यांना मानवते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे बदल सावकाश व्हावा. वाद्य बंद पेटीत ठेवावे. उन्हात किंवा ओल येणाऱ्या भिंतीला टेकवून ठेवू नये. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलची पुरचुंडी ठेवावी. उन्हाळ्यात भोके पाडलेल्या साबणाच्या डबीत पिळलेला ओला स्पंज ठेवावा. तो लाकडाला लागू देऊ नये. दमटलेले वाद्य उन्हात वाळवणे म्हणजे चिरेला आमंत्रणच. मोठ्या सुट्टीआधी तारा थोड्या उतरवाव्यात.

आर्द्रतामापक बरोबर आहे का, हे विद्यार्थ्यांनाच तपासू द्या. झाकणभर मिठात थोडे पाणी घालून ओला लगदा करा. तो आणि मापक एकमेकांना न लागता हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवा. काटा ७५ टक्क्यांच्या जवळ यायला हवा. नसेल तर जेवढा फरक, तेवढी मापकाची चूक.

आमचा तंबोरा कारागिराने सांधून दिला. आता त्याच्या शेजारी मापक टांगला आहे आणि रोजची नोंद सातवीची मुले करतात.