चेहरा जुळला म्हणजे माणूस सापडला?

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन जवळ आला की अंबाजोगाईत जुन्या ट्रंका उघडतात आणि एखादा पिवळा पडलेला ग्रुप फोटो बाहेर येतो. कुणीतरी एका चेहऱ्यावर बोट ठेवून म्हणतं, ‘हे स्वामीजीच.’ निजामाविरुद्धच्या १९३८ च्या सत्याग्रहात उतरण्याआधी स्वामी रामानंद तीर्थ इथल्या योगेश्वरी नूतन विद्यालयाचे मुख्याध्यापक होते. त्यामुळे असा फोटो सापडणं अगदी शक्य आहे. ओळख पटवण्याची आपली रीत मात्र बहुतेकदा कच्ची असते.

नाक-डोळे जुळले की माणूस तोच, हा सर्वांत मोठा गैरसमज. अनोळखी चेहरे जुळवण्यात आपण सगळेच कमी पडतो. ऑस्ट्रेलियातल्या पासपोर्ट अधिकाऱ्यांची चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. समोर जिवंत माणूस उभा असूनही दुसऱ्याच कुणाचा फोटो त्यांनी १४ टक्के वेळा त्याचाच म्हणून मान्य केला. हे ज्यांचं रोजचं काम, त्यांची ही गत.

मग संगणकावर मापं काढली तर? मापंही फसवतात. कॅमेरा जवळ असला की नाक रुंद दिसतं, मान जरा कलली की हनुवटी आखूड होते. म्हणून तज्ज्ञ मापांपेक्षा आकार आणि खुणा बघतात: कानाची वळी आणि पाळी, तीळ, व्रण. फेट्याखाली कान झाकला असेल तर तो पुरावाही गेला.

कपड्यांच्या रंगाचंही तसंच. ‘कपडे काळपट आहेत, म्हणजे संन्यासी नव्हे,’ असं ठामपणे सांगितलं जातं. स्वामीजींनी १९३२ मध्येच संन्यास घेतला होता. पण त्या काळी सर्रास वापरात असलेल्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसतच नसे. तिच्यावर भगवं वस्त्र गडद उमटतं आणि कुंकू काळं.

कधी तर चेहऱ्याआधी तारखाच निकाल लावतात. झाशीच्या राणीचा म्हणून फिरणारा फोटो घ्या. तो १८५० मध्ये हॉफमन नावाच्या छायाचित्रकाराने काढला, असं सांगितलं जातं. कोलकात्याची जॉन्स्टन अँड हॉफमन ही पेढी सुरू झाली १८८० च्या दशकात. राणी तर जून १८५८ मध्येच धारातीर्थी पडली होती. इथे चेहरा तपासण्याची वेळच येत नाही. तरीही तपासायचा म्हटलं, तर ताडून बघणार कशाशी? राणीचा निर्विवाद असा एकही फोटो नाही. जॉन लँग या वकिलाने १८५४ मध्ये तिला पडद्याआडून क्षणभर पाहिलं आणि गोल चेहरा, सुंदर डोळे, नाजूक नाक असं वर्णन लिहून ठेवलं. अशा वर्णनात हजार जणी बसतील. नंतरच्या चित्रकारांनी रंगवलेल्या राणीशी फोटो जुळवणं म्हणजे कल्पनेलाच साक्षीला उभं करणं. राणीवरच्या प्रेमापोटी लोक हा फोटो पुढे पाठवतात, हे मला समजतं. पण त्यातली स्त्रीही कुणीतरी होती, आणि तिचं नाव आपण पुसतो आहोत.

एआयने फोटो ‘स्वच्छ’ केला की चेहरा स्पष्ट होतो, हाही भ्रमच. जे तपशील मुळात नाहीत, ते यंत्र अंदाजाने भरतं.

तेव्हा घरात असा फोटो निघाला, तर आधी तो उलटा करा. स्टुडिओचा शिक्का, तारीख, कागद बघा. दोन्ही बाजू स्कॅन करा. मग गावातल्या जुन्या मंडळींना एकेकटं गाठून दाखवा, आणि तो कुणाचा असावा असं तुम्हाला वाटतं, ते नाव आधी उच्चारू नका.