पाठीचा बाक, पोटाचा श्वास

सकाळची फास्ट लोकल. डोंबिवलीला चढलेली कॉलेजची पोरं सॅक पाठीवरून काढून पोटाशी घेतात. चारी बाजूंनी माणसं दाटलेली, छाती फुगवायला जागा नाही. तरी ठाणं येईपर्यंतच्या वीसेक मिनिटांत त्यांच्यातला प्रत्येक जण तीनशेच्या आसपास श्वास घेतो. छाती अडली की पोट हलतं, पोटावर सॅक दाबली की खालच्या बरगड्या कडेला उघडतात. श्वास जिथे मोकळी जागा असेल तिथे जातो. ही साधी गोष्ट एकदा लक्षात आली की वाकड्या कण्याचं कोडं उलगडायला लागतं.

१० ते १८ या वयातल्या साधारण शंभर मुलांमागे दोन-तीन जणांचा कणा एका बाजूला १० अंश किंवा त्याहून जास्त वळलेला असतो. यालाच स्कोलिओसिस म्हणतात. बहुतेक मुलांमध्ये याचं नेमकं कारण सापडत नाही. जड दप्तराने किंवा वाकून बसल्याने हा बाक येत नाही. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांच्या आत असावं, असं २०२० च्या दप्तर धोरणात म्हटलं आहे आणि ते पाळायलाच हवं, कारण जड दप्तराने पाठ दुखते. पण स्कोलिओसिसचा दोष दप्तराला देता येत नाही, आणि मुलांना तर मुळीच नाही.

स्कोलिओसिसमध्ये कणा नुसता वळत नाही, ओला कपडा पिळावा तसा तो स्वतःभोवती फिरतोही. छातीच्या बारा मणक्यांना बरगड्यांच्या बारा जोड्या जोडलेल्या असतात. मणका फिरला की बरगडीही त्याच्याबरोबर फिरते. बाकाच्या बाहेरच्या अंगाच्या बरगड्या मागे येऊन पाठीवर उंचवटा दिसतो, तर आतल्या अंगाच्या बरगड्या एकमेकींच्या जवळ सरकतात. म्हणजे एकाच छातीत एक खोली ऐसपैस आणि दुसरी अडचणीची. आता श्वास कुठे जाणार? लोकलमध्ये जातो तसाच, मोकळ्या बाजूला. बंद खोली आणखी बंद राहते.

पोटाचं काम इथून सुरू होतं. श्वासाचा मुख्य स्नायू म्हणजे श्वासपटल. छाती आणि पोट यांच्यामध्ये तो घुमटासारखा ताणलेला असतो. त्याच्या कडा खालच्या बरगड्यांना चिकटलेल्या असतात, आणि मागे त्याची दोन मुळं थेट कमरेच्या मणक्यांमध्ये रुतलेली असतात. शांत बसलेलं असताना श्वास आत घेण्याचं दोनतृतीयांशाच्या आसपास काम हा एकटा स्नायू करतो, आणि त्याचा पाया पाठीच्या कण्यावर आहे! कणा फिरला तर या घुमटाचा पायाच फिरतो.

घुमटाच्या खाली पोटाची भिंत. तिच्यात दोन्ही बाजूंना चार-चार स्नायू असतात. समोर उभा सरळ स्नायू, कडेला एकमेकांना छेद देत तिरके जाणारे दोन, आणि सगळ्यांत आत पट्ट्यासारखा कमरेला वेढणारा आडवा स्नायू. श्वास शांतपणे सोडताना त्यांना फारसं काम नसतं, फुप्फुसं आपल्या लवचीकपणाने मिटतात. पण खोकला, धावणं, फुगा फुगवणं, गाण्यातली लांब तान, यांतलं काहीही त्यांच्याशिवाय होत नाही. ते बरगड्या खाली ओढतात, पोटातले अवयव वर ढकलतात आणि घुमट उंच करतात. उंच झालेल्या घुमटाला पुढचा श्वास घेताना खाली यायला अधिक अंतर मिळतं. श्वास सोडणारे स्नायू अशा रीतीने पुढचा श्वास घ्यायलाही मदत करतात.

याच स्नायूंकडे आणखी एक काम आहे. १९९९ पासून डोंबिवलीत गुढीपाडव्याला शोभायात्रा निघते. तिथे कमरेला ढोल बांधून वाजवणारी मुलगी डोळ्यांसमोर आणा. हात उचलला जातो, टिपरू ढोलावर पडतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९० च्या दशकात स्नायूंमधले विद्युत संकेत मोजले, तेव्हा निरोगी माणसात खांद्याचा स्नायू हलण्याच्याही आधी पोटाचा आडवा स्नायू आवळला गेलेला दिसला. हात हलणार हे पोटाला आधी कळतं, आणि ते कण्याला धरून ठेवतं. तासभर ढोल वाजवणारं पोट एकाच वेळी कणाही सांभाळतं आणि श्वासही.

कणा वाकला की या दुहेरी नोकरीत अडचण येते. एका बाजूचे स्नायू ताणलेले राहतात, दुसऱ्या बाजूचे आखडतात. कोणताही स्नायू ठरावीक लांबीवर सर्वांत जास्त जोर लावू शकतो. फार ताणला किंवा फार आखडला तर जोर कमी होतो. त्यामुळे फुप्फुसं निरोगी असूनही मोठा बाक असलेल्या मुलांची जोरात फुंकर मारण्याची ताकद कमी भरू शकते. फुंकरीत किती हवा किती वेगाने बाहेर पडते, हे स्पायरोमेट्रीने मोजतात. मुलाची फुंकर किती असायला हवी, हे मुख्यतः त्याच्या उंचीवरून ठरतं. पण वाकलेल्या कण्याने उंचीच चोरलेली असते. म्हणून दोन्ही हात आडवे पसरून एका बोटाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर मोजतात आणि तेच उंचीच्या जागी धरतात.

घाबरून जाऊ नका. लहान बाकाने सहसा धाप लागत नाही. छातीतला बाक ५० अंशांच्या पुढे जाऊ लागला की काळजी वाढते. बरीच मुलं लाजेने खेळ सोडतात आणि दम त्यामुळेही कमी होतो. खेळ सोडायचं कारण नसतं.

अडचणीच्या खोलीत श्वास पाठवता येईल का? जर्मनीतल्या कॅथरिना श्रॉथ यांना हा प्रश्न स्वतःच्या शरीरामुळे पडला. १८९४ साली जन्मलेल्या श्रॉथ यांचा कणा वाकडा होता आणि किशोरवयात त्या कण्याला आधार देणारा पोलादी ब्रेस वापरत. पोचा आलेला चेंडू आतून हवा भरली की बाहेर येतो, हे पाहून त्या आरशासमोर उभ्या राहून दबलेल्या बाजूत श्वास भरायला शिकल्या. १९२१ मध्ये माइसेन गावी त्यांनी इतरांनाही शिकवायला सुरुवात केली. आज जगभरचे फिजिओथेरपिस्ट त्यांच्या पद्धतीचे व्यायाम देतात.

त्याच सुमारास, १९२४ मध्ये, लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम ही योगसंस्था सुरू केली. उड्डियान बंध या योगक्रियेत पूर्ण श्वास सोडून, हवा आत न घेता बरगड्या उघडल्या की श्वासपटल वर जातं आणि पोट खोल आत ओढलं जातं. नौलीमध्ये समोरचे सरळ स्नायू वेगळे उभे राहतात. स्वामीजींनी या क्रिया क्ष-किरणांखाली पाहिल्या, पोटातला दाब मोजला आणि तो बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो हे दाखवलं. या क्रिया स्कोलिओसिसवरचा उपाय नव्हेत आणि व्हिडिओ पाहून मुलांकडून करून घेऊ नयेत. पण पोट आणि श्वास यांचं नातं मोजून पाहण्याचं काम आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी झालं, याचा अभिमान वाटतो.

उपचार बाकाच्या अंशांवर आणि वाढ किती उरली आहे यावर ठरतो. वाढत्या वयात २५ ते ४५ अंशांच्या दरम्यान ब्रेस सुचवतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातल्या मोठ्या अभ्यासात ब्रेस वापरणाऱ्या ७२ टक्के मुलांचा बाक ५० अंशांच्या आत राहिला, नुसत्या देखरेखीखालच्या मुलांत हे प्रमाण ४८ टक्के होतं. ब्रेस छातीला आवळतो, म्हणून त्याच्यासोबत श्वासाचे व्यायामही हवेत.

पण आधी बाक दिसायला हवा. मुलांच्या आरोग्य तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून सुरू झाला. त्याच्या आजारांच्या यादीत किशोरवयातल्या स्कोलिओसिसचं वेगळं नाव नाही. म्हणून ही तपासणी आपण घरीच करायची. इंग्लंडचे विल्यम अॅडम्स यांनी १८६५ मध्ये सांगितलेली रीत आजही पुरते. मुलाला पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून, दोन्ही तळवे एकत्र करून पुढे वाकायला सांगा आणि मागून पाहा. पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा उंच दिसते का? एक खांदा वर, कमरेच्या दोन बाजूंच्या घड्या वेगळ्या, शाळेच्या ड्रेसचं खालचं टोक तिरकं, याही खुणा आहेत. शंका आली तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयासारख्या वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या रुग्णालयात हा विभाग असतो.

आणि एक विनंती. मुलीचा एक खांदा वर दिसला की आपण पटकन म्हणतो, "नीट ताठ उभी राहा गं!" ती ताठच उभी असू शकते. पुढच्या वेळी रागावण्याआधी तिची पाठ बघा.