किंडरडाइकच्या पवनचक्क्या दळत नाहीत, पाणी उपसतात!

एप्रिलमध्ये नेदरलँड्सला दोनच दिवस मिळाले, तरी किंडरडाइक चुकवू नका. रॉटरडॅमहून वॉटरबसने जाता येतं. कालव्यांच्या काठाने 19 पवनचक्क्या उभ्या आहेत, बहुतेक 1740 च्या आसपासच्या. इथली जमीन नदीच्या पातळीखाली. वाऱ्यावर पाती फिरली की खालचं मोठं लाकडी चाक पाणी उचलून वरच्या कालव्यात टाकतं, अगदी आपल्या रहाटासारखं, आणि तिथून ते टप्प्याटप्प्याने नदीत जातं. वारा दिशा बदलतो तसा चक्कीवाला अख्खा माथाच वळवतो. आजही या चक्क्यांमध्ये कुटुंबं राहतात, दाराशी कपडे वाळत असतात. मला सगळ्यात जास्त भावलं ते हेच.

दुसरा दिवस लायडन आणि लिस्सचा. लायडनच्या विद्यापीठ-बागेत क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने लावलेले ट्यूलिप 1594 मध्ये फुलले. जवळच लिस्सला कॉयकेनहॉफची फुलबाग: 32 हेक्टर, सुमारे 70 लाख कंद, आणि बाग उघडी जेमतेम आठ आठवडे, मार्चच्या उत्तरार्धापासून मेच्या मध्यापर्यंत. तिकीट आधीच काढा, सकाळी लवकर पोहोचा. नंतर सायकल भाड्याने घेऊन बाहेरच्या फुलांच्या शेतांतून फिरा. हायसिंथचा वास आधी येतो, निळे पट्टे मागाहून दिसतात.