काचतंतुप्रबलित मोटारकाया : पुनर्रंजन

काचतंतूंनी प्रबलित केलेल्या पॉलिएस्टर रेझिनाच्या मोटारकायेचे पृष्ठ पूर्ववत करून तिच्यावर नवा रंगलेप देण्याची क्रिया. व्यवहारात अशा कायेस ‘फायबर बॉडी’ म्हणतात. अमेरिकेत शेव्हरोले कंपनीने १९५३ मध्ये कॉर्व्हेट गाडीसाठी अशी काया वापरली. भारतात बंगलोरच्या सिपानी कंपनीची १९८० नंतरच्या दशकातील डॉल्फिन ही छोटी मोटार याच प्रकारची होती. ती ब्रिटिश रिलायंट किटन या गाडीवर आधारलेली होती. तिचे उत्पादन केव्हाच थांबले असून कायेचे सुटे भाग सहसा मिळत नाहीत. त्यामुळे चुकीच्या रंगकामाने झालेली हानी भरून काढणे कठीण जाते.

रचना : कायेच्या सर्वांत बाहेर रेझिनाचा सु. अर्धा मिमी. जाडीचा तंतुविरहित थर असतो. त्याला जेलकोट म्हणतात. त्याखाली काचतंतूंचे थर असतात. ही काया गंजत नाही. परंतु तीव्र विद्रावके व उष्णता यांमुळे ती मऊ पडते वा वाकते. म्हणून पोलादी गाडीचा जुना रंग काढण्याची रासायनिक द्रव्ये, ज्योत व उच्च तापमानाची भट्टी येथे वर्ज्य होत. जेलकोट घासला जाऊन तंतू उघडे पडल्यास त्यांत ओलावा शिरतो व नव्या रंगास फोड येतात.

पूर्वतयारी : काया प्रथम साबणाच्या पाण्याने धुऊन मेण व सिलिकोन काढणाऱ्या द्रवाने पुसतात. आधी घासल्यास मेण ओरखड्यांत शिरते आणि त्या जागी रंग फाकून वाटोळे खळगे पडतात. नंतर ठोकळ्याभोवती गुंडाळलेल्या पाणीपेपरने जुना रंग हाताने उतरवितात. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे केवळ लांबीने बुजविल्यास ते पुन्हा वर उमटतात. म्हणून ते तळापर्यंत उतरते घासून भरावे लागतात. तंतू तुटले असल्यास आतील बाजूने काचतंतूंची चटई व रेझिन यांचे थर देतात. रेझिन घट्ट होण्यासाठी त्यात सु. १ ते २ टक्के पेरॉक्साइड मिसळतात. पेरॉक्साइड व कोबाल्टयुक्त त्वरक एकमेकांत सरळ कधीही मिसळू नयेत; त्यामुळे स्फोट होऊ शकतो.

रंगलेपन : लांबी १८० ते २४० क्रमांकाच्या कागदाने सपाट करून इपॉक्सी अस्तर देतात. ते ४०० व शेवटी ६०० क्रमांकाच्या कागदाने घासून काया पूर्ण वाळू देतात. नंतर रंगाचे दोन-तीन पातळ हात फवारतात. आधीच्या हातातील विद्रावक उडून गेल्यावरच पुढचा हात देतात.

हवामान : अकोल्यास उन्हाळ्यात तापमान ४५° से. च्या पुढे जाते. अशा वेळी रेझिन लवकर गोठते व फवाऱ्याचे थेंब पृष्ठावर पसरण्यापूर्वीच सुकून रंग खरबरीत होतो. पावसाळ्यात दमटपणामुळे काया नीट वाळत नाही. कोरडा हिवाळा सर्वांत सोयीचा. मात्र तोच कापसाचा हंगाम असल्याने सरकी काढण्याच्या कारखान्यांजवळ हवेतील तंतू ओल्या रंगावर बसतात. म्हणून फवारणी बंदिस्त, पण हवा खेळती ठेवलेल्या जागेत करावी.

दक्षता : काचतंतूंच्या धुळीने त्वचा, डोळे व श्वसनमार्ग यांचा दाह होतो, त्यामुळे चष्मा, हातमोजे व धूळरोधक मुखवटा वापरून शक्यतो ओले घासावे. दोन घटकांच्या पॉलियुरेथेन रंगातील आयसोसायनेटांचा धोका याहून गंभीर आहे. त्यांच्या फवाऱ्यामुळे दमा जडू शकतो आणि धूळरोधक मुखवट्याने हे संरक्षण मिळत नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरविणारा मुखवटाच लागतो. ही सोय नसल्यास श्रमाची पूर्वतयारी घरी करून अखेरची फवारणी सुसज्ज कार्यशाळेत करून घेणे श्रेयस्कर असते. गाडीचा मूळ रंग बदलल्यास परिवहन कार्यालयाकडून नोंदणी प्रमाणपत्रात तशी दुरुस्ती करून घ्यावी लागते.